लष्करातून आलेली स्लीपिंग बॅग



हिवाळ्यात हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन तंबूत चार रात्री काढाव्यात, ही हौस आता आपल्याकडील तरुण मंडळींतही चांगलीच रुजली आहे. इंदूर-बडोद्याहून, बेळगाव-हैदराबादेहून दरवर्षी कितीतरी जण डिसेंबर-जानेवारीत गढवाल-कुमाऊँकडे जातात. अशा वेळी सामानाची यादी करताना अडखळायला होते ते स्लीपिंग बॅगपाशी. चांगली नवी पिशवी घ्यावी तर खिशाला परवडत नाही. आणि मग कोणीतरी सुचवितो, 'लष्करातून निघालेली जुनी घे. ती शिपायांसाठी केलेली असते, तिला काय होणार आहे?' दुसऱ्या महायुद्धानंतर 'डिस्पोजलचा माल' हा शब्द आपल्या बोलण्यात आला, तेव्हापासून लष्करी वस्तूच्या टिकाऊपणावरचा हा विश्वास चालत आलेला आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. पण शून्याखालच्या थंडीत आपला जीव त्या पिशवीच्या हवाली करावयाचा असेल, तर विश्वासाच्या जोडीला थोडी माहितीही असावी.

गंमत अशी, की या वस्तूचा इतिहासच मुळी शिल्लक लष्करी मालापासून सुरू होतो. वेल्समधील न्यूटाउन या गावचे व्यापारी प्राइस प्राइस-जोन्स यांनी १८७६ साली 'युक्लिसिया रग' नावाच्या वस्तूचे पेटंट घेतले. लोकरी कांबळे, ते दुमडून आत शिरण्याची सोय आणि त्यालाच जोडलेली हवा भरण्याची रबरी उशी, असे तिचे स्वरूप होते. रशियन सैन्याने तिची साठ हजार नगांची मागणी नोंदविली. १८७७ साली प्लेव्हनाचा पाडाव झाला, रशियाने उरलेली मागणी रद्द केली आणि प्राइस-जोन्स यांच्या गळ्यात सतरा हजार पिशव्या पडल्या. त्यांनी त्या स्वस्त अंथरूण-पांघरूण म्हणून आपल्या विक्रीच्या सूचिपत्रात घातल्या. सैन्यासाठी शिवलेली पिशवी सामान्य माणसाच्या हाती येण्याची ही रीत तेव्हापासूनची आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पिशवी ऊब देते, असे आपण म्हणतो. वस्तुतः ती ऊब देत नाही. ऊब देणारे आपले शरीर. पिशवी फक्त ती धरून ठेवते, आणि तेही कापसाने, पिसाने किंवा धाग्याने नव्हे, तर त्यांच्यामध्ये अडकून पडलेल्या निश्चल हवेने. ग्वाल्हेर-इंदूरच्या घरांतून रजई वापरणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको. चार हिवाळे वापरलेली रजई चपटी होते, तीत गठ्ठे धरतात, आणि मग पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला की तीच रजई पुन्हा उबदार होते. कापूस तोच, वजन तेच; परत आली ती केवळ हवा. स्लीपिंग बॅगेचेही नेमके असेच आहे. तिची फुगवट गेली की तिच्यावर कोणत्याही सैन्याचा शिक्का असो, तिला अर्थ उरत नाही.

आणि लष्करी पिशवीची फुगवट जाण्याचा संभव अधिक. कारण ती कोठारात वर्षानुवर्षे घट्ट आवळून, एकावर एक रचून ठेवलेली असते. म्हणून विकत घेण्यापूर्वी ती पूर्ण उलगडावी, चांगली झटकावी आणि अर्धा तास जमिनीवर मोकळी पसरून ठेवावी. तेवढ्यात ती फुगून वर आली नाही, तर विकणाऱ्याचे आभार मानून घरी यावे. फुगली, तर दिव्यासमोर धरून पाहावी; जेथे उजेड आरपार येतो, तेथून रात्री थंडीही येणार. हात फिरवून गठ्ठे चाचपावेत, झिप खालपासून वरपर्यंत दहा वेळा चालवून पाहावी. वास घेण्यास संकोचू नये. बुरशीचा वास असेल तर ती आतून भिजून राहिलेली आहे. पूर्वीच्या काही पिशव्या रसायनाने कोरड्या धूत असत. तसा तीव्र वास आल्यास अनेक दिवस उघड्या हवेत टाकल्यावाचून तिच्यात झोपणे विषारी ठरू शकते.

बाजारात भेटणाऱ्या पिशव्यांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. पहिला जुना, पिसांचा. अमेरिकेची एम-१९४९ ही त्यांतील प्रसिद्ध पिशवी. ममीच्या आकाराची, आत पाणपक्ष्यांची पिसे आणि मऊ लव. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात अशाच पिशव्यांनी कडाक्याच्या थंडीत शिपायांना तारले; आणि रात्रीच्या अचानक हल्ल्यांत पिशवीत अडकून पडल्यामुळे काहींचा घातही झाला. त्यामुळे आघाडीवरील कित्येक तुकड्यांत झिप लावून झोपण्यास मनाई करावी लागली होती. आपल्याला शत्रूचे भय नाही. परंतु अंधारात, बधिर बोटांनी झिप उघडता येते की नाही, हे घरीच तपासून घेणे आपल्याही हिताचे. पिसांचा मोठा दोष म्हणजे ओल. भिजलेले पीस चिकटून बसते, त्यातील हवा जाते आणि ते वाळायला फार वेळ लागतो. या बाबतीत धनगराची घोंगडी अधिक शहाणी. ती ओली झाली तरी काहीशी ऊब राखते.

दुसरा वर्ग कृत्रिम तंतूंचा. अमेरिकन सैन्याने १९९० नंतरच्या दशकात आणलेली जोडपिशवी हा त्याचा उत्तम नमुना होय. हिरवी पातळ पिशवी, काळी जाड पिशवी आणि त्यांच्यावर चढविण्याची गोर-टेक्सची चट्टेपट्टे असलेली खोळ, असे तिचे तीन भाग. हवेनुसार हिरवी एकटी वापरावी, काळी एकटी वापरावी, किंवा एकीत दुसरी घालून गुंड्यांनी जोडावी. वजन व आकार पुष्कळ; सगळे मिळून पाचएक किलो भरते आणि पाठीवर घेऊन चढ चढणाऱ्याला ते जाणवल्याशिवाय राहत नाही. पण ओल सोसण्याची तिची ताकद पाहता, नवशिक्याने जुन्या पिसांच्या पिशवीपेक्षा हीच घ्यावी, असे माझे मत आहे.

येथे एक सापळा आहे आणि तो नीट समजून घेतला पाहिजे. या पिशव्यांवर लिहिलेले अंश फॅरनहाइटचे असतात. हिरवीवर ३० अंश असेल तर ते आपले उणे १. काळीवर उणे १० असेल तर ते आपले उणे २३. दोन्ही मिळून उणे ३० म्हणजे उणे ३४ सेल्सिअस. आकडे पाहून मन हरखते. परंतु ते कोणासाठी, हे विचारावे. अंगावर थंडीचे थरावर थर चढविलेला, खाली गादी घेतलेला, पोटभर जेवलेला धडधाकट जवान त्यात गृहीत धरलेला आहे. आणि त्याने सुखाने झोपावे अशी अपेक्षा नसून रात्र निभावून सकाळी कामाला उभे राहावे, एवढीच आहे. नागरी पिशव्यांसाठी २००२ साली युरोपात १३५३७ क्रमांकाचे प्रमाण ठरले. त्यात सुखाची मर्यादा निराळी आणि केवळ तग धरण्याची निराळी दिलेली असे. त्या प्रमाणातून लष्करी पिशव्या मुद्दाम वगळलेल्या होत्या. तेव्हा नव्या पिशवीवरील आकडा आणि लष्करी पिशवीवरील आकडा शेजारी शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ होय. लेबलावरील अंशापेक्षा निदान दहा सेल्सिअस अंशांनी उबदार हवा असेल तेथेच ती न्यावी, असा माझा हिशेब असतो.

वापरताना लक्ष वर नव्हे, खाली द्यावे. आपल्या भाराने पाठीखालचा भाग दबतो, त्यातील हवा निघून जाते आणि थंड जमीन अंगातील ऊब ओढून घेते. म्हणून कॅरीमॅट हवीच. बर्फावर एकावर एक अशा दोन. पिशवी जवानाच्या मापाची, म्हणजे आपल्यातील पुष्कळांना लांबरुंद होते; पायाकडील रिकामी जागा कोरड्या कपड्यांनी भरावी. दिवसभर घामेजलेले मोजे घालून आत शिरू नये. डोक्याला लोकरी टोपी असावी, पण तोंड आत घेऊन श्वास सोडू नये. त्या वाफेने पिशवी आतून ओलावते. झोपण्यापूर्वी काही खावे, लघुशंका उरकावी, आणि घट्ट बुचाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून मांड्यांमध्ये घ्यावी. ऊब कमी पडते म्हणून बंद तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी मात्र कदापि पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही.

सोबत्याकडेही ध्यान असावे. कुडकुडणे हे शरीर झगडत असल्याचे चिन्ह आहे. शरीराच्या आतील उष्णता ३५ सेल्सिअसखाली गेली की धोका सुरू होतो; बोलणे जड होते, माणूस असंबद्ध वागू लागतो, आणि थंडी कायम असताना कुडकुडणे थांबले तर ते बरे वाटल्याचे लक्षण समजू नये. अशा वेळी ओले कपडे काढून त्याला कोरड्या पिशवीत घालावे, शेजारी दुसऱ्याने झोपून स्वतःची ऊब द्यावी आणि वैद्यकीय मदतीसाठी खाली निरोप धाडावा. थंडगार पिशवीत त्याला एकट्याला घालून उपयोग नाही. धरून ठेवण्याजोगी ऊबच त्याच्यापाशी उरलेली नसते.

सकाळी उठल्याबरोबर पिशवी गुंडाळू नये. कडक थंडीत अंगाची वाफ खोळीच्या आतल्या बाजूस जाऊन गोठते; तेव्हा खोळ उलटी करून झटकावी आणि ऊन येताच दोन्ही पिशव्या पसरून ठेवाव्यात. तीन-चार रात्री हे टाळले तर पिशवी दिवसेंदिवस जड आणि थंड होत जाते. घरी परतल्यावर सौम्य साबणाने, पिळल्यावाचून धुवावी, सावकाश पूर्ण वाळवावी, आणि तिच्याबरोबर आलेली आवळबंद थैली फक्त प्रवासापुरती ठेवून एरवी सुती खोळीत सैलसर, कपाटाच्या वरच्या फळीवर टाकून द्यावी.