नागीण कानाशी उठते तेव्हा...

जून २०२२. कॅनडाचा गायक जस्टिन बीबर याने एक चित्रफीत प्रसिद्ध केली. हसताना त्याच्या तोंडाची उजवी बाजू हलत नव्हती, उजवा डोळा मिटत नव्हता. वय अवघे २८! पुढे दौऱ्यातले कार्यक्रम रद्द झाले, त्यात दिल्लीचाही होता. आजाराचे नाव रॅमसे हंट सिंड्रोम. नाव परके असले, तरी ही आपल्या ओळखीची नागीणच आहे.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी तो वर्षानुवर्षे दडून बसतो आणि उतारवयात किंवा प्रतिकारशक्ती घटली, की उचल खातो. बहुधा छाती-कमरेवर फोड उठतात. पण हाच विषाणू चेहऱ्याच्या मज्जातंतूत जागा झाला तर? हा मज्जातंतू कानाजवळच्या हाडातील अरुंद बोगद्यातून जातो. सूज आली, की तो चेपला जातो आणि चेहऱ्याची ती बाजू लुळी पडते. शेजारीच ऐकण्याचा व तोल सांभाळण्याचा मज्जातंतू असतो. म्हणून कुणाला चक्कर येते, कुणाला कमी ऐकू येते.

सुरुवात बहुधा कानाच्या ठणक्याने होते. घरात लगेच कोमट तेलाची वाटी पुढे येते. मग कानाच्या पाळीवर फोड दिसतात, तोंड वाकडे होते, तेव्हा ‘वारं लागलं’ म्हणून शेक आणि नागिणीवर गेरूचा लेप! गेरूने विषाणू मरत नाही. मोलाचे दिवस मात्र जातात. किती मोलाचे? १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात तीन दिवसांच्या आत औषधे मिळालेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले. सात दिवसांनंतर सुरुवात झालेल्यांपैकी जेमतेम ३० टक्के.

विषाणूविरोधी गोळ्या व स्टिरॉइड ही औषधे डॉक्टरच ठरवतील. मधुमेह असल्यास तो आधीच सांगावा, कारण स्टिरॉइडने साखर वाढते. न मिटणारा डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होते. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले थेंब घालावेत आणि झोपताना डोळा पट्टीने मिटून ठेवावा.

तोंडाबरोबर हातपाय लुळे पडले किंवा बोलणे अडखळले, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. मग क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठावे.

नागिणीची नवी लस भारतात २०२३पासून मिळते. पन्नाशीपुढच्यांसाठी तिचे दोन डोस असतात. ती महाग आहे, पण घरात मधुमेही आजी-आजोबा असतील, तर डॉक्टरांकडे तिची चौकशी जरूर करावी.