वऱ्हाड : एक भूमि, दोन धनी

वऱ्हाड हें नांव कोठून आलें, असें विचारलें तर घरोघरच्या आजीबाई रुक्मिणीहरणाची कथा सांगतील. कौंडिण्यपुरीं लग्नासाठीं जमलेलें वऱ्हाड पुढें त्याच मुलखांत राहिलें, म्हणून त्यास हें नांव पडलें! कथा गोड आहे, आणि वर्धेच्या कांठचें कौंडिण्यपूर अमरावती जिल्ह्यांत आजही आहे. परंतु अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ ग्रंथांत दिलेली व्युत्पत्ति अधिक ग्राह्य वाटते. वरदा म्हणजे वर्धा नदी. तिचा तट तो वरदातट. संस्कृत शिकलेल्या मनुष्यास आपल्या शब्दाचें मूळ एका फारशी ग्रंथांत सांपडावें, ह्याची थोडी गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं.

नकाशा पुढें घेतला म्हणजे ह्या प्रांताची ठेवण सहज ध्यानांत येते. उत्तरेस सातपुड्याचा मेळघाट. दक्षिणेस अजिंठ्याच्या रांगेवरचा उंच प्रदेश, तो बालाघाट. आणि दोहोंच्या मध्यें पूर्णा नदीचें सपाट खोरें, तो पाईनघाट. पूर्वेस वर्धा व दक्षिणेस पैनगंगा ह्या सीमा. पश्चिमेकडे मात्र कुंपण नाहीं. खानदेशांतून सरळ आंत यावें. पूर्णा तापीस मिळून पश्चिम समुद्रास जाते, वर्धा व पैनगंगा गोदावरीच्या वाटेनें पूर्वसमुद्र गांठतात. तेव्हां एकाच प्रांतांत पडलेला पाऊस दोन समुद्रांस वांटला जातो.

पूर्णेच्या खोऱ्याची काळी माती कापसासाठीं प्रसिद्ध आहे. पण तिच्या पोटांत काय आहे तें परक्यास ठाऊक नसतें. अमरावती, अकोला व बुलढाणा ह्या तीन जिल्ह्यांतील साडेचार हजार चौरस किलोमीटरांहून अधिक टापू खारपाण पट्टा म्हणून ओळखला जातो. तेथें विहीर खणली तर पाणी खारें लागतें. तें ना पिण्यास योग्य, ना पिकास. हिवाळी पीक जमिनींत मुरलेल्या ओलीवर घ्यावयाचें, आणि पिण्याचें पाणी दुरून आणावयाचें. वर सोनें आणि खालीं मीठ, अशी ही भूमि आहे.

राज्यकर्त्यांस ह्यांतील सोनें तेवढें दिसलें. अचलपुरास राहून राज्य करणारें शेवटचें घराणें इमादशाहीचें. विजयनगराकडील ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या व लहानपणीं पकडला जाऊन मुसलमान झालेल्या फत्तेउल्ला इमादुल्मुल्कानें तें १४९० मध्यें स्थापिलें. १५७४ मध्यें निजामशाहीनें तें गिळलें, १५९६ मध्यें प्रांत मोगलांकडे गेला, आणि अकबराच्या दप्तरांत सोळा सरकारांचा सुभा म्हणून त्याची नोंद झाली. तेव्हांपासून धनी एकीकडे व शेत दुसरीकडे, असा प्रकार सुरू झाला.

१७२४ मध्यें साखरखेर्ड्याच्या लढाईंत निजामुल्मुल्कानें दख्खन हातीं घेतली. पण लवकरच नागपूरकर भोसले चौथाई-सरदेशमुखीचा हक्क सांगत वऱ्हाडांत उतरले. चौथाई म्हणजे वसुलाचा चतुर्थांश, सरदेशमुखी म्हणजे दशांश. दोघांपैकीं कोणासही दुसऱ्यास हांकून देतां आलें नाहीं, म्हणून दोघेही राहिले. हीच ‘दोअमली’. एकाच परगण्यांत निजामाचा आमील व भोसल्यांचा कमाविसदार, दोघांचे शिपाई व दोघांचीं दप्तरें. इतिहासाच्या पुस्तकांत ह्यास राजकीय तडजोड म्हणतात. एका दाराशीं दोन वसुलदार बसले असतां गांवच्या पाटलास काय वाटत असेल, हें त्या पुस्तकांत नसतें.

१८०३ मध्यें आडगांवची लढाई झाली, गाविलगड पडला, आणि देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून सुटून निजामाकडे गेला. दोअमली गेली, पण तिच्या जागीं मक्तेदार आले. अधिक बोली करील त्यास वसुलाचा मक्ता, आणि मक्ता संपण्यापूर्वीं रयतेस पिळून घेणें हा त्याचा धर्म! गांवें ओस पडलीं.

निजामाकडे हैदराबाद कंटिंजंट फौजेचा पगार तुंबला होता. त्या निमित्तानें १८५३ मध्यें डलहौसीनें वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं घेतले. १८६० मध्यें बाकीचे परत केले, वऱ्हाड ठेवलें. त्यानंतर मुंबईकडील पद्धतीनें पाहणी होऊन शेत रयतेच्या नांवावर लागलें. वर्धा ओलांडली कीं मालगुजारी, अलीकडे रयतवारी, असा भेद झाला. रेल्वे आली, अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें कापसास सोन्याचा भाव आला, अकोला, अमरावती, खामगांव हीं व्यापारी ठाणीं वाढलीं. हें श्रेय इंग्रजांस दिलें पाहिजे. परंतु मालकी त्यांची नव्हती. १९०२ मध्यें कर्झननें सालीना २५ लाख रुपये भाड्यानें प्रांत कायमचा घेतला आणि १९०३ पासून तो मध्यप्रांतास जोडला. पुढें १९३६ च्या करारानें निजामाचें स्वामित्व पुन्हां मान्य झालें आणि त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली. कारभारांत मात्र कांहीं बदललें नाहीं.

मी भूगोल शिकवीत असतांना एका मुलानें आपल्या पणजोबांचें जुनें खरेदीखत वर्गांत आणलें. त्यावर ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ असें छापलेलें. तो म्हणाला, “गुरुजी, हें ‘व वऱ्हाड’ वेगळें कां? आमचें शेत तेव्हां होतें तरी कोणाच्या राज्यांत?” राज्य निजामाचें, अंमल इंग्रजांचा, कचेरी नागपुरास, आणि सारा भरणारे तुझे पणजोबा, असें मीं सांगितलें. त्यास तें पटलें नाहीं. खरें म्हणजे मलाही सांगतांना चमत्कारिक वाटलें.

तो ‘व’ पुसण्यास १९५० साल उजाडावें लागलें. तेव्हां मध्यप्रदेश हें एकच नांव उरलें. मात्र पैशाचा जुना प्रश्न राहिला. आमच्या कापसाचा वसूल आमच्यावर खर्च होतो कीं नाहीं, ही शंका १९४७ च्या अकोला कराराच्या मुळाशीं होती आणि १९५३ च्या नागपूर कराराच्याही. १९५५ मध्यें राज्यपुनर्रचना आयोगानें आठ जिल्ह्यांचें वेगळें विदर्भ राज्य सुचविलें, तें झालें नाहीं. १९५६ मध्यें हा मुलूख द्विभाषिक मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला.

जिल्ह्यांची मोडजोडही बरीच झाली. इंग्रजी अमलांत सहा जिल्हे होते. १९०५ मध्यें एलिचपूर व वाशीम मोडून चार केले. १९९८ मध्यें वाशीम पुन्हां जिल्हा झाला. एलिचपूर म्हणजे आपलें अचलपूर. इमादशाहीची राजधानी व पुढें जिल्ह्याचें ठिकाण असलेलें हें गांव अमरावती जिल्ह्यांतील एक तालुका होऊन राहिलें, आणि तेथील लोक आपल्या जिल्ह्याची मागणी करीत आले आहेत.