बाई, माऊस सोडा!

मुलांनो, तुमच्या घरात टीव्हीखालच्या खणात जुन्या सीडी पडलेल्या असतील, नाही का? चकचकीत, मधे भोक असलेल्या, उन्हात धरल्या की भिंतीवर इंद्रधनुष्य नाचवणाऱ्या! काहींच्या घरी तर त्या शेतात पाखरं हाकलायला टांगल्या असतील. सीडी आहे, पण लावायची कशावर? प्लेअर बिघडलेला, आणि नव्या लॅपटॉपला बहुतेक वेळा सीडी घालायची जागाच नसते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यापुढे हाच प्रश्न आला. तो आता सहावीत आहे. त्याला जन्मापासून दिसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत तो वडिलांबरोबर शाळेत आला आणि पिशवीतून एक सीडी काढून म्हणाला, "बाई, यात आमच्या आजोबांचा आवाज आहे."

२००६ साली गावच्या हरिनाम सप्ताहात भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग झालं होतं. अकरा अभंग. त्यातला सातवा आजोबांनी म्हटलेला. आजोबा आता नाहीत, आणि सीडी ही एवढीच.

सीडीवरची गाणी संगणकात उतरवून घेण्याला 'रिपिंग' म्हणतात. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून मी यूएसबीला जोडायचा सीडी ड्राइव्ह मागून आणला. शाळेच्या संगणकावर एनव्हीडीए होतंच. हा एक 'स्क्रीन रीडर' आहे, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी तो २००६ मध्ये लिहायला घेतला. मग जेम्स तेह त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही दिसत नाही, बरं का! आणि हा प्रोग्रॅम मोफत मिळतो. म्हणजे ती सीडी आणि हा बोलका सोबती एकाच वयाचे!

आम्ही बसलो. मी सवयीनं माऊस हातात घेतला आणि केलं क्लिक. संगणक भलतंच बोलायला लागला.

"बाई, माऊस सोडा!" तो म्हणाला. "मी कुठं होतो तेच आता कळेना."

चूक माझीच होती. त्याचं सगळं काम कीबोर्डवर चालतं. टॅब दाबलं की पुढच्या बटनावर, बाणानं यादीत वर-खाली, स्पेसनं खूण करायची, एंटरनं होकार द्यायचा. अंधारात जिन्याचा कठडा धरून उतरावं तसं. मी क्लिक केलं आणि कठडाच सुटला! मी हात मांडीवर ठेवले.

मग तो यादीत उतरू लागला. संगणक बोलला, "ट्रॅक वन... ट्रॅक टू..." नावं कुठं गेली? गंमत अशी, की बहुतेक सीडींवर गाण्यांची नावं नसतातच. किती गाणी आहेत आणि कुठलं कुठं सुरू होतं, एवढाच हिशेब असतो. नामवंत सीडींची नावं प्रोग्रॅम इंटरनेटवरून शोधून आणतो. आमच्या गावच्या भजनी मंडळाचं नाव तिथं कोण ठेवणार?

काही बटनांवर तर संगणक नुसतंच "बटन, बटन" म्हणे. प्रोग्रॅम बनवणाऱ्यानं बटनावर चित्र काढलं, पण त्याला नाव द्यायचं राहून गेलं, की असं होतं. बघणाऱ्याला चित्र दिसतं, ऐकणाऱ्याला काहीच नाही. मग तो आल्ट दाबून वरच्या मेनूत शिरला. तिथं सगळी कामं शब्दांत लिहिलेली होती.

रिपिंग सुरू झालं. "बाई, हा मधेच बोलतोय. त्याचा आवाज अभंगात मिसळणार नाही ना?"

छान प्रश्न! टेपरेकॉर्डरसमोर गाताना कुत्रं भुंकलं तर तेही टेप व्हायचं. इथं तसं नाही. सीडीवर आवाज आकड्यांच्या रूपात असतो. एका सेकंदात ४४,१०० वेळा आवाज मोजून लिहिलेला, तोही डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळा! रिपिंग म्हणजे हे आकडे जसेच्या तसे उतरवून घेणं. गोंगाट त्यात शिरणारच नाही.

काम किती झालं हे त्याला कसं कळत होतं? एनव्हीडीए "टूं टूं" असा बारीक आवाज करतं, आणि काम पुढं जाईल तसा त्याचा सूर चढत जातो. सा पासून वरच्या सा पर्यंत चढावा तसा! मी पडद्यावरची पट्टी बघत होते, तो सूर ऐकत होता.

सातव्या ट्रॅकला सूर चढता चढता अडकला. पुढं काही नाही. सीडीवर ओरखडा होता.

तिघंही गप्प. मग सीडी काढली, मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसली. गोल गोल पुसायची नाही, कारण सीडीवरची नोंद गोल फिरत जाते, आणि ओरखडा त्याच दिशेनं पडला तर नुकसान जास्त. नंतर 'एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी' हा प्रोग्रॅम घेतला. तो एकेक भाग पुन्हा पुन्हा वाचून पडताळून पाहतो. त्या एका अभंगाला वीस मिनिटं लागली. पण उतरला! एका ठिकाणी "टक्" असा आवाज राहिला, तेवढाच.

आता नावं. फोल्डरमध्ये जाऊन एफ टू दाबायचं, नाव लिहायचं, एंटर मारायचं. तो देवनागरी टाइप करतो. प्रत्येक अक्षर संगणक बोलून दाखवतो, त्यामुळे चूक लगेच कळते. वडील आठवून अभंगाची नावं सांगत होते, तो लिहीत होता. सातव्याला मात्र त्यानं कुणाला विचारलं नाही. लिहिलं, '०७ आजोबा'.

मग तो बाणानं यादीत पुन्हा खाली आला. संगणकाचा तो यंत्रासारखा आवाज एकेक नाव बोलत होता. सातवं आलं, त्यानं एंटर दाबलं. पखवाजाची थाप पडली आणि आजोबा गायला लागले. वडील काहीच बोलले नाहीत.

"ती टक् कापून टाकू का?" मी विचारलं.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "आता तीही आमचीच."

तुम्हीही घरातल्या सीडी शोधा. घरगुती रेकॉर्डिंग असेल तर आधी तेच उतरवा, कारण त्याची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. मूळ फाईल मोठी होते, मिनिटाला सुमारे १० एमबी. एमपीथ्री केली तर साधारण १ एमबीत भागतं, पण थोडा आवाज गाळला जातो. फ्लॅक प्रकारात मात्र काहीही न गाळता जागा वाचते. आजोबांचा अभंग आम्ही फ्लॅकमध्ये ठेवला, आणि दोन ठिकाणी ठेवला. विकतच्या सीडीची प्रत मात्र आपल्यापुरतीच हं, वाटत सुटायचं नाही!

आणि एक गंमत करून पाहा. संगणकावर एनव्हीडीए चालू करा, पडद्यावर टॉवेल टाका, माऊस बाजूला ठेवा आणि एक गाणं शोधून लावा. किती वेळ लागला ते मला कळवा!