दृश्य आणि अदृश्य ग्रहयोग

शके १८८३ च्या पौष अमावास्येच्या सुमारास, म्हणजे इसवी सन १९६२ च्या फेब्रुवारी महिन्याच्या ४ व ५ या तारखांस, सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी हे सातही ग्रह मकर राशीत एकत्र आले होते. चंद्रकक्षेचा जो पात पंचांगात केतू या नावाने दाखविला जातो, तोही त्या वेळी त्याच राशीत होता. यास्तव त्या योगास 'अष्टग्रही' ही संज्ञा प्राप्त झाली. या योगाने अनर्थ ओढवेल अशी भीती त्या काळी भारतात सर्वदूर पसरली होती. ठिकठिकाणी यज्ञयाग व शांतिकर्मे झाली, अनेकांनी प्रवास व शुभकार्ये पुढे ढकलली. ते दिवस आले आणि इतर दिवसांप्रमाणेच निघून गेले.

भीती निराधार ठरली एवढे सांगून हा विषय संपत नाही. ग्रहयोग म्हणजे आकाशात नेमके काय घडते, त्यातील दुर्मीळ काय व नित्याचे काय, आणि पाहणाऱ्याच्या पदरात प्रत्यक्ष काय पडते, हे प्रश्न त्यानंतरही उरतातच. किंबहुना १९६२ चा योग या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. कारण ज्या योगाचे भय इतक्या लोकांनी घेतले, तो डोळ्यांनी पाहणे त्यांच्यापैकी कोणासही शक्य नव्हते.

ग्रहांची रांग

'ग्रह एका रांगेत आले' असे वर्णन अशा प्रसंगी वारंवार केले जाते. वस्तुतः आकाशात ग्रह सदैव एकाच रांगेत असतात. पृथ्वीच्या कक्षेची पातळी प्रमाण धरली, तर बुधाची कक्षा तिच्याशी सुमारे ७ अंशांचा, शुक्राची ३.४ अंशांचा, शनीची २.५ अंशांचा, मंगळाची १.९ अंशांचा व गुरूची १.३ अंशांचा कोन करते. म्हणजे सर्व कक्षा जवळजवळ एकाच पातळीत पसरलेल्या आहेत. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्याभोवती फिरणाऱ्या वायू व धूलिकणांच्या चपट्या तबकडीतून ग्रहांची घडण झाली. त्या तबकडीचा चपटेपणा ग्रहांच्या कक्षांनी अद्याप टिकवून ठेवला आहे.

पृथ्वी स्वतः याच पातळीत फिरते, त्यामुळे पृथ्वीवरील द्रष्ट्यास ही तबकडी कडेने दिसते. जेवणाचे ताट डोळ्यांच्या पातळीत धरले असता त्याचा वाटोळा आकार लोपून एक आडवी रेषा तेवढी दिसावी, तसाच हा प्रकार आहे. आकाशातील ती रेषा म्हणजे क्रांतिवृत्त. सूर्य वर्षभर याच वृत्तावरून सरकतो आणि चंद्र व ग्रह त्याच्या दोहो बाजूंस काही अंशांच्या आत राहतात. मघा व चित्रा या तारका या वृत्ताच्या अगदी निकट आहेत. रोहिणी व ज्येष्ठा या सुमारे ५ अंशांवर आहेत. या तारकांच्या आधारे कोणत्याही निरभ्र रात्री क्रांतिवृत्ताचा मार्ग मनाने आखता येतो, आणि त्या रात्री आकाशात असलेले ग्रह त्या मार्गावर किंवा त्याच्या लगतच सापडतात.

तेव्हा रांग ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. विरळ असतात त्या दोन गोष्टी: एकाच वेळी अनेक ग्रह क्षितिजाच्या वर असणे, आणि अनेक ग्रह थोड्याच अंशांच्या टापूत जमणे. त्यातही पाहणाऱ्याच्या दृष्टीने एक तिसरी अट आहे. हे ग्रह सूर्यापासून पुरेसे दूर असले पाहिजेत. अन्यथा ते दिवसाच्या उजेडात किंवा संधिप्रकाशात बुडून जातात.

समागम, युद्ध आणि अस्त

ही तिसरी अट प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांस पूर्णपणे अवगत होती. सूर्यसिद्धांताचा ग्रहयुत्यधिकार हा सातवा अध्याय या विषयास वाहिलेला आहे. बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी या पाच ताराग्रहांची परस्परांशी युती झाली, तर तिला तेथे युद्ध अथवा समागम म्हटले आहे. त्यांची चंद्राशी युती झाली, तर समागम. आणि सूर्याशी झाली, तर अस्त. याच ग्रंथात ग्रह सूर्याच्या किती जवळ आला असता दिसेनासा होतो त्याचे कालांशही दिले आहेत: गुरूस ११, शनीस १५, मंगळास १७, शुक्र व बुध यांस मार्गी असताना अनुक्रमे १० व १४, आणि वक्री असताना ८ व १२.

ही मोजपट्टी १९६२ च्या योगास लावून पाहावी. त्या अमावास्येस सातही ग्रह सुमारे १७ अंशांच्या टापूत होते आणि सूर्य त्या टापूतच होता. मंगळ व शनी सूर्यापासून सुमारे १२-१३ अंशांवर, तर बुध, शुक्र व गुरू त्याहूनही पुष्कळ जवळ होते. म्हणजे स्थूलमानाने पाचही ताराग्रह अस्तंगत होते, आणि अमावास्या असल्याने चंद्रही अदृश्य होता. परंपरेच्याच परिभाषेत बोलावयाचे, तर अष्टग्रही हा पाच ग्रहांचा एकत्रित अस्त होता. आठवा जो केतू, तो तर दोन वृत्तांच्या छेदनाचा बिंदू. तो कोणत्याही काळी दिसत नाही. त्याच अमावास्येस खग्रास सूर्यग्रहण झाले व त्याचा पट्टा न्यू गिनी व पॅसिफिक महासागर यांवरून गेला. सूर्याचे तेज झाकले गेल्यावर अधिकाधिक चार मिनिटांच्या त्या काळोखात, आकाश निरभ्र असल्यास, सूर्याभोवतीचे ग्रह दिसण्याचा संभव होता. उरलेल्या जगास हा योग पंचांगाच्या पानावरच पाहावयास मिळाला.

भारतीय ज्योतिषातील सर्वांत विख्यात ग्रहयोगाची कथाही याहून फारशी वेगळी नाही. इसवी सनापूर्वी ३१०२ च्या फेब्रुवारीत, कलियुगाच्या आरंभी, सर्व मध्यम ग्रह मेषारंभी एकत्र होते असे सिद्धांतकारांनी गृहीत धरले. ग्रहगणितास एक सामाईक आरंभबिंदू मिळावा, हा या गृहीताचा उपयोग होता व तो त्याने उत्तम रीतीने साधला. आधुनिक गणिताने मागे जाऊन पाहता त्या वेळी ग्रह कित्येक अंशांवर विखुरलेले आढळतात. गणिताच्या सोयीसाठी मानलेला योग आणि डोळ्यांनी घेतलेला वेध या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली म्हणजे भयास वाव मिळतो.

दोन दृश्य योग

याच्या उलट, अलीकडच्या काळातील दोन योग सर्वांनी पाहावे असे होते. पहिला २१ डिसेंबर २०२० चा गुरू-शनी योग. गुरूस सूर्याभोवती एक प्रदक्षिणा करण्यास ११.८६ वर्षे व शनीस २९.४६ वर्षे लागतात. त्यावरून गुरू शनीस दर १९.८६ वर्षांनी गाठतो असे निघते. या योगांत त्यांच्यामधील अंतर बहुधा एक अंशाच्या आसपास असते. २०२० मध्ये ते अवघे ६.१ कला, म्हणजे चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे एक-पंचमांश इतके झाले. इतके सान्निध्य यापूर्वी १६२३ मध्ये आले होते. परंतु त्या वेळी ते सूर्याजवळ असल्याने दिसण्यास कठीण होते. सहज दिसेल असा तितका निकट योग शोधण्यास १२२६ पर्यंत मागे जावे लागते. २०२० मध्ये सूर्यास्तानंतर नैर्ऋत्य आकाशात, लहानशा दूरदर्शकाच्या एकाच दृष्टिक्षेत्रात, गुरूचे चार मोठे उपग्रह व शनीची कडी एकदम दिसत होती. मात्र हे सान्निध्य केवळ दृष्टीचे होते. त्या वेळी गुरू पृथ्वीपासून सुमारे ८९ कोटी व शनी सुमारे १६२ कोटी किलोमीटरांवर होता. दोहोंमध्ये ७० कोटी किलोमीटरांहून अधिक पोकळी होती.

दुसरा योग २०२५ च्या जानेवारी व फेब्रुवारी महिन्यांतील. सायंकाळी पश्चिमेकडे शुक्र व शनी, डोक्यावर रोहिणीनजीक गुरू आणि पूर्वेकडे पुनर्वसूच्या तारकांपाशी मंगळ असे चार ग्रह १०० अंशांहून अधिक पसरलेल्या एका कमानीत एकाच वेळी दिसत होते. १६ जानेवारीस मंगळ सूर्याच्या समोर प्रतियुतीत आला होता, म्हणून तो रात्रभर आकाशात असे. युरेनस व नेपच्यून हेही याच कमानीत होते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस बुधही पश्चिम क्षितिजावर आला. त्यामुळे या योगाचे वर्णन 'सात ग्रहांची रांग' असे झाले. परंतु युरेनस पाहण्यास द्विनेत्री व नेपच्यून पाहण्यास दूरदर्शक आवश्यक होता, आणि बुध वर येईपर्यंत शनी संधिप्रकाशात शिरला होता. नुसत्या डोळ्यांच्या वाट्यास आले ते चार ग्रह. कागदावरील संख्या व डोळ्यांची संख्या यांतील हे अंतर ज्याने आधी जाणून घेतले, त्यास ते चार ग्रह पुरेसे वाटले. ज्याने सात ग्रहांची अपेक्षा धरली, तो निराश झाला.

बलाचा हिशेब

ग्रहयोगाच्या भयास शास्त्रीय वेष चढविण्याचा प्रयत्न आपल्याकडेच झाला असे नाही. जॉन ग्रिबिन व स्टीफन प्लेजमन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द ज्युपिटर इफेक्ट' या पुस्तकात असे सुचविले होते की, १९८२ मध्ये ग्रह सूर्याच्या एका बाजूस आल्यामुळे सूर्याच्या क्रियेत फरक पडून कॅलिफोर्नियात मोठा भूकंप होण्याचा संभव आहे. १९८२ मध्ये तसे काही झाले नाही.

या शंकेचे निरसन सोप्या गणिताने होते. भरती-ओहोटी उत्पन्न करणारे बल आकर्षक पिंडाच्या वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. या नियमानुसार सूर्याचे बल चंद्राच्या बलाच्या निम्म्याहून थोडे कमी भरते. शुक्र पृथ्वीच्या अत्यंत निकट असतानाही त्याचे बल चंद्राच्या बलाच्या सुमारे वीस-हजारांश असते. आता मंगळ, गुरू व शनी या बाह्य ग्रहांपैकी एखादा सूर्यानजीक दिसतो तेव्हा तो सूर्याच्या पलीकडे, म्हणजे पृथ्वीपासून जवळजवळ सर्वाधिक अंतरावर असतो. १९६२ च्या फेब्रुवारीत शुक्रही सूर्याच्या पलीकडेच होता. त्यामुळे त्या दिवशी गुरूचे बल चंद्राच्या बलाच्या सुमारे पाच-लाखांश, तर शुक्राचे चाळीस-लाखांशाहूनही कमी होते. सूर्य ज्या योगात सामील आहे, त्या योगात बाह्य ग्रहांचा प्रभाव कमीत कमी असतो, हा निष्कर्ष यावरून अटळपणे निघतो. त्या दिवशी कोकण किनाऱ्यावर जे उधाण आले असेल, ते दर अमावास्येस चंद्र व सूर्य मिळून आणतात तेच होय.

पुढील योग

पाचही ताराग्रहांचा मोठा दृश्य मेळा ८ सप्टेंबर २०४० च्या सायंकाळी पश्चिम आकाशात घडणार आहे. बुध, शुक्र, मंगळ, गुरू व शनी हे सुमारे १० अंशांच्या आत, कन्या राशीत जमतील आणि भाद्रपद शुद्ध पक्षाच्या आरंभीची चंद्रकोर त्यांच्यात असेल. हात लांब करून धरलेल्या मुठीने आकाशाचे सुमारे १० अंश झाकले जातात. म्हणजे पाचही ग्रह एका मुठीआड मावतील. १९६२ च्या योगाशी याची तुलना केली, तर ग्रह तेच, टापू त्याहून लहान, पण सूर्य त्या टापूबाहेर. आणि म्हणूनच हा योग दिसेल.

त्याच्या निरीक्षणाची तयारी मात्र डोळसपणे करावयास हवी. महाराष्ट्राच्या अक्षांशांवर मार्च महिन्यात सूर्यास्तसमयी क्रांतिवृत्त पश्चिम क्षितिजावर जवळजवळ उभे असते. सप्टेंबरमध्ये ते सुमारे ४८ अंशांइतके कललेले असते. त्यामुळे सप्टेंबरच्या सायंकाळी सूर्यानजीकचे ग्रह फार उंच नसतात व लवकर मावळतात. सूर्यास्तानंतरचा साधारण एक तास एवढाच अवधी हाती राहील. पश्चिम क्षितिज मोकळे असेल असे स्थळ आधीच हेरून ठेवावे लागेल. हा पावसाळ्याचा शेवट असल्याने नेमकी ती एक सायंकाळ ढगांत जाण्याचाही संभव आहे.

यावर उपाय एकच: एका दिवसावर विसंबू नये. ऑगस्टच्या अखेरीपासून निरभ्र मिळेल त्या प्रत्येक सायंकाळी ठरावीक वेळी, ठरावीक जागेवरून ग्रहांची स्थाने कागदावर काढीत जावी. चंद्र दररोज सुमारे १३ अंश पुढे सरकतो, शुक्र सुमारे सव्वा अंश, गुरू अंशाचा जेमतेम पंचमांश आणि शनी त्याहूनही कमी. अशी दहा-बारा चित्रे जुळली की योग कसा जमतो व कसा विस्कटतो ते कोणत्याही पुस्तकावाचून समजते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर गुरू शनीस पुन्हा गाठणार आहे, तोपर्यंत हा क्रम चालू ठेवता येईल. सूर्यसान्निध्यामुळे मध्यंतरी तो खंडित होईल व पुढे पहाटेच्या पूर्व आकाशात पुन्हा सुरू करावा लागेल. ग्रह कोणत्या दिवशी दिसेनासा झाला आणि कोणत्या पहाटे पुन्हा दिसू लागला, याची नोंद ठेवणाऱ्यास सूर्यसिद्धांतातील कालांशांची परीक्षाही स्वतःच्या डोळ्यांनी घेता येईल.