नव्या दाण्याची न्याहारी



दसरा-दिवाळीचे दिवस म्हणजे आपल्याकडे गळीत हंगामाची लगबग. घरात नवा भुईमूग, नवी बाजरी, नवे तीळ येऊन पडलेले असतात. अशात शहरातली पोरं सुट्टीला येतात आणि सकाळी दुधात 'ग्रॅनोला' नावाचा खाऊ घालून खातात. पुडा उघडून पाहिला तर आत काय? भाजलेले ओट, थोडे दाणे, थोड्या बिया आणि वरून गोड पाक. भाव मात्र विचारू नका!

हा पदार्थ अमेरिकेचा. न्यूयॉर्क राज्यातील डान्सव्हिल येथे १८६३ साली डॉ. जेम्स जॅक्सन यांनी आपल्या आरोग्यधामातील रोग्यांसाठी तो प्रथम केला. गव्हाच्या जाड्याभरड्या पिठाचे भाजलेले तुकडे ते देत. पण ते इतके कडक की रात्रभर दुधात भिजत घालावे लागत. आजचा ओट, दाणे आणि मध घातलेला प्रकार पुष्कळ पुढचा.

तिकडे शरद ऋतूत त्यात लाल भोपळ्याच्या बिया, सफरचंद, दालचिनी, जायफळ आणि सुंठ घालतात. गोडीला मेपल झाडाच्या रसाचा पाक. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक हाती येतो. ही आपल्या काकवीचीच जात म्हणायची!

मग आपल्या घरच्या जिनसांनी हे का होऊ नये?

साहित्य : ज्वारीच्या लाह्या ६ वाट्या, शेंगदाणे १ वाटी, लाल भोपळ्याच्या सोललेल्या बिया अर्धी वाटी, तीळ पाव वाटी, किसलेला गूळ पाऊण वाटी, तूप २ चमचे, पाणी २ चमचे, सुंठपूड १ लहान चमचा, थोडे किसलेले जायफळ, चिमूटभर मीठ.

कृती : शेंगदाणे, बिया व तीळ वेगवेगळे खमंग भाजावेत. तीळ लवकर करपतात, तेव्हा लक्ष ठेवावे. दाणे सोलून जाडसर भरडावेत. बुरशी आलेला किंवा काळवंडलेला दाणा निवडून टाकून द्यावा. जाड बुडाच्या कढईत तूप, गूळ व पाणी एकत्र करून गूळ विरघळून फेस येईपर्यंत ठेवावे. पाक गोळीबंद करू नये. गोळीबंद झाला की चिक्की होईल, आपल्याला सुटे दाणे हवेत. सुंठ, जायफळ, मीठ घालून सगळे जिन्नस त्यात ओतावेत आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे हलवत रहावे. ताटात पसरून पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. दाणे खवट होण्याआधी, दोन-तीन आठवड्यांत संपवावे. दुधात, दह्यात किंवा नुसते खावे. लहान लेकरांना दाणे बारीक कुटूनच द्यावेत.

आता एक गोष्ट, उसाच्या धंद्यातले असूनही सांगायलाच हवी. गूळ म्हणजे औषध नव्हे. मधुमेही माणसाला साखर काय अन् गूळ काय, दोन्ही जपूनच. म्हणून वर गोडी बेताचीच धरली आहे. शिवाय गूळ फार पिवळाधमक पाहून घेऊ नये. रंग काढण्यासाठी पुष्कळदा हायड्रॉस घातलेली असते. तांबूस गूळ बरा.

ऊस विकून नुसते मोकळे होऊ नये, त्याची साखर आपणच करावी, हे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या प्रवरेच्या कारखान्याने १९५०-५१ च्या पहिल्या हंगामात दाखवून दिले. उसाबाबत आपण शहाणे झालो. पण ज्वारी आणि भुईमूग आपण अजून पोत्याने विकतो आणि तोच माल नटूनथटून पुड्यातून परत आला की चौपट दाम मोजतो. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. जगाने ज्वारी-बाजरीचे मोल ओळखले. आपल्याच घरी ते का विसरावे?

घरातील माय-बहिणींनी यंदा एक डबा करून पहावा. गावच्या बचत गटाने मनावर घेतले, तर चार पैसेही गाठीला राहतील.