पूर्णांकांची अट

बीजगणित म्हटले की बहुतेकांना शाळेतील समीकरण आठवते. डावी बाजू उजव्या बाजूइतकी, आणि अव्यक्ताची किंमत अमुक. परंतु व्यवहारात ‘इतके’ हा शब्द क्वचितच येतो. तेथे ‘निदान इतके’ आणि ‘फार तर इतके’ हीच भाषा चालते. या भाषेला गणितात असमानता म्हणतात. त्यातच ‘उत्तर पूर्णांकच हवे’ अशी अट पडली, म्हणजे साध्या भागाकारालाही विचाराची जोड द्यावी लागते.

समजा, बीडहून परळीच्या वैजनाथाला १९० यात्रेकरू निघाले आणि एका मोटारीत ४४ जण बसतात. भागाकार ४.३ च्या आसपास येतो. जवळचा पूर्णांक चार. पण चार मोटारी केल्या तर चौदा माणसे मागे राहतील. मोटारी पाचच हव्यात. आता दुसरे उदाहरण घ्या. खिशात १९० रुपये आहेत आणि पुस्तकाची किंमत ४४ रुपये आहे. भागाकार तोच, परंतु पुस्तके मिळतील चारच. पहिल्या उदाहरणात ‘निदान’ होते म्हणून वर चढावे लागले; दुसऱ्यात ‘फार तर’ होते म्हणून खाली उतरावे लागले. अपूर्णांक कोणीकडे वळवायचा, हे असमानतेची दिशा ठरविते.

आपल्या मुलखाला हा विषय परका नाही. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला. त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये रचला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड, असे ते सांगतात. हे विज्जडविड म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासकांनी मानले आहे. इतरांचा कल चाळीसगावजवळच्या पाटण्याकडे आहे, कारण त्यांच्या नातवाच्या मठाचा शिलालेख तेथे सापडला. तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. त्यांच्या ‘बीजगणितां’तील एक उदाहरण मात्र पाहण्याजोगे आहे.

तीन द्रम्मांस पाच पारवे, पाचांस सात सारस, सातांस नऊ हंस आणि नवांस तीन मोर मिळतात. राजपुत्राच्या करमणुकीसाठी शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणावयाचे आहेत.

पारव्यांचे क गट, सारसांचे ख, हंसांचे ग आणि मोरांचे घ गट घेऊ.

पक्षी : ५क + ७ख + ९ग + ३घ = १००
द्रम्म : ३क + ५ख + ७ग + ९घ = १००

वजाबाकी करून दोनाने भागले की क + ख + ग = ३घ मिळते. ते दुसऱ्या समीकरणात घालून

ख = ५० − ९घ − २ग
क = ग + १२घ − ५०

अव्यक्ते चार, समीकरणे दोनच. अपूर्णांक चालत असते तर उत्तरांना अंतच नव्हता. परंतु अर्धा मोर कोणी विकत नाही, आणि येथे गटही फोडावयाचा नाही. शिवाय प्रत्येक जातीचा निदान एक गट हवा. म्हणून क निदान १ हवा, यावरून ग निदान ५१ − १२घ. आणि ख निदान १ हवा, यावरून २ग फार तर ४९ − ९घ.

आता घ ला एकेक किंमत देऊन पाहू. घ = ३ असता ग निदान १५ हवा आणि फार तर ११ चालेल; दोन्ही अटी एकत्र नांदत नाहीत. घ १ किंवा २ असतानाही हेच होते. घ = ४ असता ग ३ ते ६ चालतो, म्हणजे चार उत्तरे. घ = ५ असता ग १ किंवा २, म्हणजे दोन उत्तरे. घ ६ झाला की ख ऋण होतो. एकूण उत्तरे सहा. एक पडताळून पाहा : ५ पारवे, ५६ सारस, २७ हंस, १२ मोर. पक्षी शंभर, द्रम्म ३ + ४० + २१ + ३६, म्हणजे शंभरच.

उत्तरे कधी अनेक असतात, कधी एक, आणि कधी एकही नसते. ‘एकही नाही’ हेही उत्तरच होय. आपल्या जिल्ह्याला त्याची ओळख असणे अगत्याचे आहे.

दरवर्षी येथून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यावयाची आणि हंगामात ती फेडावयाची. हिशेबापुरते समजू, की कोयत्याची कमाई दिवसाला ७०० रुपये, खर्ची १५० रुपये आणि हंगाम १५० दिवसांचा. एकही खाडा न पडला तर शिल्लक ५५० × १५०, म्हणजे ८२,५०० रुपये. उचल एक लाखाची असेल, तर ही असमानता कोणत्याही दिवशी पुरी होत नाही. मेहनत कमी पडली असे नव्हे. अंगठा उठविला तेव्हाच १७,५०० रुपये पुढील वर्षाच्या माथी बसले होते.

उचल ७०,००० असेल तर? मग १२,५०० रुपयांची सवड उरते. खाड्याच्या दिवशी कमाई बुडते, पोट मात्र चालूच राहते. म्हणून प्रत्येक खाड्याला ७०० रुपये जातात. भागाकार १७.८ हून किंचित अधिक. येथे ‘फार तर’ आहे, म्हणून खाली उतरावयाचे : सतरा खाडे सोसतील, अठराव्याला शंभर रुपये अंगावर येतील. ताप, बाळंतपण, बंद पडलेला कारखाना हे सारे त्या सतरांत बसले पाहिजे.

दर, हंगाम आणि खर्ची आपापल्या अनुभवाप्रमाणे बदलून घ्या. रीत तीच राहील. एक गुणाकार, दोन वजाबाक्या आणि एक भागाकार, एवढीच तिची सामग्री. घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर उचल घेण्यापूर्वी हा हिशेब त्याच्याकडून पाटीवर मांडून घ्यावा.