विश्लेषण : आडनाव फर्नांडिस, मग ‘हिस्पॅनिक’ का नाही? अमेरिकी कॉलेज अर्जातील एका प्रश्नाचा गुंता

अमेरिकेतील कॉलेज प्रवेशाच्या अर्जात एक छोटा प्रश्न असतो : तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. दाखला जोडायचा नाही, पडताळणी समितीही नाही. जात वैधता प्रमाणपत्रासाठी खेटे घालणाऱ्या आपल्याकडच्या पालकांना हे नवल वाटेल. मग तिथे स्थायिक झालेल्या गोव्याच्या फर्नांडिस किंवा परेरा कुटुंबातील मुलाने ‘हो’वर टिक करावी का?

हिस्पॅनिक नेमके कोण?

हा वंश नाही. अमेरिकी सरकारने १९७७ मध्ये ठरवलेल्या व्याख्येनुसार मेक्सिको, प्यूर्टो रिको, क्युबा, मध्य किंवा दक्षिण अमेरिका अथवा अन्य स्पॅनिश संस्कृतीशी मूळ जोडलेली कोणत्याही वंशाची व्यक्ती हिस्पॅनिक ठरते. त्यामुळे अर्जेंटिनाचा गोरा, डोमिनिकन रिपब्लिकचा कृष्णवर्णीय आणि पेरूतील जपानी वंशाचा मुलगा, तिघेही यात बसतात. आजी पेरूची असेल तरी चालते. किती टक्के मूळ हवे, हे व्याख्येत नाही.

गोव्याच्या आडनावांचे काय?

गोव्यात १९६१ पर्यंत राज्य होते पोर्तुगालचे, स्पेनचे नव्हे. फर्नांडिस, परेरा, डिसोझा ही आडनावे पोर्तुगीजांकडून आली. जनगणनेत केवळ पोर्तुगीज किंवा ब्राझिलियन मूळ सांगणाऱ्यांनाही सहसा हिस्पॅनिक मोजत नाहीत. त्यामुळे गोव्याच्या मुलाचा रकाना ‘आशियाई’चाच.

खोटे लिहिले तर?

टिक करताना कोणी पुरावा मागत नाही. पण शेवटी सही करावी लागते. शेकडो कॉलेजांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘कॉमन अॅप’मध्ये सर्व माहिती खरी असल्याची हमी द्यावी लागते. ती खोटी निघाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो, पदवीही काढून घेतली जाऊ शकते.

खरी ओळख रकान्यात मावत नसेल तर?

न्यूयॉर्कचे महापौर झोहरान ममदानी यांचा जन्म युगांडातला, आई-वडील भारतीय वंशाचे. २००९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या अर्जात त्यांनी ‘आशियाई’ आणि ‘कृष्णवर्णीय किंवा आफ्रिकन अमेरिकन’ अशा दोन्ही ठिकाणी टिक केली होती. २०२५ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ते उघड केल्यावर वाद झाला. भारतीय-युगांडन असा रकानाच नसतो, असे त्यांचे म्हणणे होते. प्रवेश मात्र मिळाला नव्हता.

आता फायदा होतो का?

आशियाई मुलांना जास्त गुण असूनही डावलले जाते, ही तक्रार जुनी. त्यावरूनच हार्वर्डविरुद्ध खटला झाला. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. त्यानंतर ‘कॉमन अॅप’ने रकान्यातील उत्तर दडवण्याची सोय कॉलेजांना दिली.

एक वाट न्यायालयाने उघडी ठेवली. वंशामुळे आयुष्यात काय सोसले, काय शिकलो, हे विद्यार्थी निबंधात लिहू शकतो. कॉलेजने तो अनुभव त्या विद्यार्थ्याचा म्हणून पाहावा. थोडक्यात, आडनाव पाहून ‘हो’ म्हणण्यात हाती काही लागत नाही, जोखीम मात्र राहते. गोव्याच्या घरातली खरी गोष्ट निबंधात लिहिली, तर ती निदान वाचली जाते.